बांगडीची निशाणी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी चढले तेव्हा अकरा वर्षांची होते आणि आपण फार शहाणे आहोत अशी माझी समजूत होती. आता साठी उलटली, दात गेले, डोळे अधू झाले. त्या समजुतीचा राग मात्र गेला नाही. नातवंडं म्हणतात, आजी, तू उगाच चिडतेस. उगाच कशी चिडेन? ऐका आणि मग सांगा.

आमचं घर खडवलीच्या बाजूला, भातसा नदीच्या काठी. कौलारू घर, पुढे पडवी, मागे गोठा आणि थोडी भातशेती. पटकीच्या साथीत वडील गेले आणि त्यांचं तेरावं व्हायच्या आत आई गेली. मागे आम्ही दोघं राहिलो: मी नऊ वर्षांची आणि धाकटा भाऊ सहा वर्षांचा. वडिलांचे भाऊबंद तिकडे लांब तळकोकणात. त्यांच्यातलं कोणी फिरकलं नाही. आले ते आमचे मामा. मामीला आणि मुलाला घेऊन आले, आमच्याच घरात राहिले आणि ठाण्याच्या कोर्टात अर्ज करून भावाचे पालक झाले. घर आणि शेत भावाच्या नावाचं, तो मोठा होईपर्यंत कारभार मामांनी बघायचा आणि मामा तो नीट बघतात की नाही हे कोर्टाने बघायचं, अशी ती व्यवस्था होती.

कोर्टाच्या कागदात भावाच्या नावापुढे 'अज्ञान' असं लिहिलेलं असे. मामांनी ते वाचून दाखवलं तेव्हा मी केवढी भडकले! पोराला पाढे तोंडपाठ, रामरक्षा तोंडपाठ, आणि हा मेला कागद त्याला अज्ञान म्हणतो! मामा हसले. "अगं, वयात न आलेल्या प्रत्येकाला कोर्ट अज्ञानच म्हणतं," असं म्हणाले. मामा काही राक्षस नव्हते, हेही लिहून ठेवते. भावाचं अंग कणकणलं तर त्याचे पाय चेपत बसलेलं मी त्यांना पाहिलं आहे. पण ते भित्रे होते. भित्र्या माणसाच्या हाताखाली वाढण्यापेक्षा दुष्टाच्या हाताखाली वाढलेलं बरं. दुष्टापासून निदान माणूस सावध तरी असतो.

कोर्टाची एक अट होती. दरसाल दिवाळी झाली की मुलाला ठाण्याला आणून साहेबाला समक्ष दाखवायचं. शिवाय साहेबाने हुकुमात घातलं होतं की, मुलाची बहीणही बरोबर आणावी आणि मुलाला कसं वागवतात ते तिला विचारावं. आमच्यापैकी कोणाला ओळखणारं ठाण्यात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ही तजवीज.

पहिल्या वर्षी गेलो तेव्हाचा साहेब लालबुंद आणि धिप्पाड होता. त्याने भावाची हनुवटी वर केली, डोळे बघितले, दंड चाचपला आणि मामांना म्हणाला, "मुलगा बारीक आहे. पुढच्या साली जाडा पाहिजे. नाही तर दुसरा पालक." मला हसू आलं. मामांना नाही आलं. कल्याणपर्यंत आगगाडीत आणि पुढे बैलगाडीत ते भावाचा दंड पुन्हा पुन्हा चाचपून बघत होते. पालकपण गेलं तर घर सोडावं लागणार होतं आणि त्यांना स्वतःचं असं दुसरं घर नव्हतं.

त्यानंतर जेवताना मामा भावाच्या पानाकडे बघत बसायचे. भातावर तूप जास्त पडू लागलं. "खा रे, खा," म्हणत ते घास मोजायचे आणि त्याच्या घशाखाली उतरायचा तो घासही उतरेनासा झाला. बघत बसलं की कुठे कोणाच्या अंगाला लागतं? तो होता तसाच राहिला. मामांचा मुलगा मात्र त्याच तुपावर गुटगुटीत झाला.

वैशाखात दोघांची मुंज एकाच मांडवात लागली. दोघांच्या वयात फरक सात महिन्यांचा. डोकी भादरलेली, शेंडीचा घेरा तेवढा राखलेला, कमरेला लंगोटी. पाठमोरे बसले की एक जाडा आणि एक बारीक, एवढाच काय तो फरक दिसे. मुंजीनंतर मामांनी दोघांना नमस्काराचं वळण लावलं. वडील माणूस दिसलं की कान धरून वाकायचं, आपलं गोत्र आणि नाव घालून संस्कृतात अभिवादन म्हणायचं आणि मग पायाला हात लावायचा. चुकलं की छडी, बरोबर आलं की लाडू. महिन्याभरात ते त्यांच्या अंगी इतकं मुरलं की दारात पांढरी मिशी दिसली की दोघं आपोआप कानाला हात लावायचे.

आमचं गोत्र काश्यप आणि मामांचं वासिष्ठ. बापाचं गोत्र तेच मुलाचं. आणि आमच्या लोकांत आडनाव सांगितलं की गोत्र ठरलेलंच असतं, म्हाताऱ्या माणसांना विचारावंही लागत नाही. हे सगळं आत्ताच सांगते, कारण पुढे ते लागणार आहे.

श्रावणात भावाला ताप भरू लागला. एक दिवस बरा, दुसऱ्या दिवशी हुडहुडी. चार गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे. नवरात्रापर्यंत त्याच्या पोटात डाव्या बाजूला दगडासारखं हाताला लागू लागलं आणि डोळे पिवळट झाले. काढे झाले, अंगारे झाले, उतारे झाले. आमच्याकडे दूध घालायला एक बाई यायची, तिचा नवरा आगगाडीच्या रुळांच्या कामावर होता. ती मला म्हणाली, "बायो, सरकारी दवाखान्यात पांढरी कडू पूड देतात. माझा पोरगा मेल्यात जमा होता, तिच्यावरच उठला."

मी धावत जाऊन मामांना सांगितलं. ते म्हणाले, "दवाखान्यात नाव लिहून घेतात."

"मग घेऊ देत की!"

"ते नाव ठाण्याला पोचतं," मामा म्हणाले. "साहेबाने जाडा मुलगा मागितलाय. असा बघितला तर संपलंच." दिवाळीपर्यंत तो आपोआप सुधारेल असं त्यांना वाटत होतं. रोज सकाळी ते त्याच्या मनगटाला बोटांचा वेढा घालून बघायचे. वेढा रोज सैल होत होता.

दिवाळी झाली आणि कोर्टाचा शिपाई तारीख देऊन गेला. मामा एकटेच ठाण्याला जाऊन आले. आले ते चक्क शीळ घालत. जुना साहेब बदलून गेला होता, त्याच्या हाताखालचा शिरस्तेदारही, म्हणजे मोठा कारकूनही, नवा आला होता. भावाला पूर्वी पाहिलेलं असं त्या कचेरीत आता कोणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांनी आपल्या मुलाला पडवीत पाटावर बसवलं आणि त्याला भावाच्या नावाने हाक मारली.

आतल्या खोलीतून भावाने "ओ" दिली.

"तुला नाही," मामा म्हणाले. पुन्हा तीच हाक. मामेभाऊ गोंधळून बापाकडे बघत राहिला आणि आतून पुन्हा बारीक आवाजात "ओ" आली. "तुला नाही म्हटलं ना! तू गप्प पड," मामा ओरडले. तीन दिवस हे चाललं. नाव काय, वडिलांचं नाव काय, आडनाव काय, आई कधी गेली, घरात कोण कोण. पहिल्या दिवशी भाऊ प्रत्येक हाकेला ओ देत होता. दुसऱ्या दिवशी दोनदा दिली. तिसऱ्या दिवशी हाक मारली की मामेभाऊ खणखणीत "ओ" म्हणायचा आणि आतून काही यायचं नाही. मामी चुलीपाशी डोळ्यांना पदर लावून बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, "धूर गेला गं." चूल पेटलेली नव्हती.

तेव्हा मला सगळं उमगलं. मी तरातरा पडवीत गेले आणि मामांना म्हणाले, "मी कोर्टात सांगणार."

मामांनी मला मारलं नाही. जवळ बसवलं. म्हणाले, "सांग. मग मला बेड्या पडतील, मामी माहेरी जाईल, तुम्हा दोघांना मिशनवाले घेऊन जातील. त्याला पाणी कोण पाजणार?" मग आवाज उतरवून म्हणाले, "एवढी हजेरी पार पडू दे. साहेबाने मुलगा बघितला की वर्षभर कोणी विचारत नाही. हजेरीनंतर दोन दिवसांत मी स्वतः कल्याणहून डॉक्टर आणतो. ती पांढरी पूड आणतो. देवाशपथ."

"आधी डॉक्टर आणा," मी म्हणाले.

"आधी कोर्ट," मामा म्हणाले.

मी विचार केला. अकरा वर्षांची पोर, विचार तो काय करणार? पण केला, हे खरं. खोटं बोलायचं आणि भाऊ वाचवायचा. हा सौदा मला फार हुशारीचा वाटला. मी मामांना देवापुढे नेऊन शपथ घ्यायला लावली आणि मगच "हो" म्हणाले.

निघताना मामीने भावाची जरीची टोपी मामेभावाच्या डोक्यावर घातली. ती त्याला घट्ट होत होती. आतून भाऊ म्हणाला, "ताई, ती माझी आहे." मी म्हटलं, "उद्या आणून देते." बैलगाडीने कल्याण, तिथून आगगाडीने ठाणे. खाडीवरच्या पुलावर मामेभाऊ खिडकीशी टाळ्या पिटत होता आणि मामा त्याला भावाच्या नावाने हाका मारत होते, एकसारख्या.

कोर्टाच्या ओसरीवर दुपारपर्यंत बसलो. मग पट्टेवाल्याने पुकारा केला. आत गोरा साहेब मान खाली घालून लिहीत होता. त्याच्या डाव्या हाताला शिरस्तेदार बसले होते: डोक्यावर पगडी, नाकावर चष्मा आणि चांगली झुपकेदार पांढरी मिशी.

मिशी बघितली मात्र, मामेभाऊ दोन पावलं पुढे झाला, कान धरले, वाकला आणि घडाघडा अभिवादन म्हणाला. कोणी सांगितलं नव्हतं! शिरस्तेदारांचं तोंड खुललं. "वा रे बटू! आयुष्मान भव," म्हणाले. मग हसणं तसंच राहिलं आणि त्यांनी हळूच चष्मा काढला.

"पुन्हा म्हण बघू, बाळ."

लाडू मिळणार या खुशीत त्याने पुन्हा म्हटलं. मामांनी तीन दिवस घोकून घेतलेलं भावाचं नाव त्याने त्यात बरोबर घातलं. गोत्र मात्र जिभेवर बसलेलं तेच आलं, बापाचं, वासिष्ठ. नाव बदललं तर गोत्रही बदलावं लागतं हे मामांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी मामांकडे बघितलं. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

"आडनाव काय म्हणालात?" शिरस्तेदारांनी विचारलं.

मामांनी सांगितलं आणि लगेच पुढे म्हणाले, "दोन मुलांची मुंज एकदम झाली रावसाहेब, एकाचं ऐकून दुसरा म्हणतो. लहान आहे हो."

शिरस्तेदारांनी त्यांना हाताने गप्प केलं. साहेबाशी इंग्रजीत काहीतरी बोलले. साहेबाने पहिल्यांदा मान वर करून मामेभावाकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. शिरस्तेदार मला म्हणाले, "इकडे ये, बाळ. घाबरू नकोस. इथे तुला कोणी काही करणार नाही. हा तुझा सख्खा भाऊ ना? तू सांगशील तेच मी लिहिणार आहे."

किती मायेने विचारलं हो त्यांनी! वडील गेल्यापासून माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं. एक शब्द, नाही म्हटलं की झालं. पण माझ्या डोळ्यांपुढे खडवलीची ती खोली होती. मामांना इथेच धरून ठेवलं तर कल्याणहून डॉक्टर कोण आणणार? ही कोर्टातली माणसं कागद लिहिणारी. ती कशाला येतात आमच्या घरी? एवढंच कळत होतं मला. परवा डॉक्टर येणार आहे, परवा. मी म्हटलं, "हो."

ते बघतच राहिले. त्यांना पटावं म्हणून मी आणखी म्हणाले, "आई गेल्यापासून मीच भरवते त्याला." आणि हे खोटंही नव्हतं.

"लिहिता येतं?"

"नाही."

"मग इथे बांगडी काढ," ते म्हणाले. न शिकलेल्या बायकांची सही म्हणजे बांगडी, कागदावर एक वाटोळं. त्यांनी टाक माझ्या हातात दिला. मी जीभ दाताखाली धरून, डाग पडू न देता, गोल बांगडी काढली.

परतताना कल्याणच्या स्टेशनवर मामांनी मला पेरू घेऊन दिला आणि म्हणाले, "शहाणी आहेस हो तू." मी तो खाल्लासुद्धा.

घरी आले तशी टोपी घेऊन भावापाशी गेले. त्याचं सगळं लक्ष दाराकडे होतं. "ताई, साहेबाने मला काय विचारलं?" म्हणाला. मी म्हटलं, "काही नाही, जाडा झालास म्हणाले." तो हसला. हसताना त्याच्या गळ्याच्या शिरा दिसल्या.

परवा उजाडला. मी सकाळपासून पडवीत. मामा हललेच नाहीत. दुपारी मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले, तेव्हा ते जमिनीकडे बघत म्हणाले, "कसा आणू? डॉक्टर नाव विचारणार. त्या नावाचा मुलगा परवा ठाण्याला साहेबापुढे धडधाकट उभा होता. दोन दिवसांत असा कसा झाला म्हणाले, तर काय सांगू?" मी त्यांच्या अंगावर धावून गेले, ओरबाडलं, तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. त्यांनी हातसुद्धा वर केला नाही. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. आमच्याकडे गरज सरली आणि वैद्य आलाच नाही. आता मी कोणाकडे जाणार होते? माझा भाऊ ठणठणीत आहे असं मीच सांगून आले होते.

ठाण्याहून आल्याच्या सहाव्या दिवशी, ऐन दुपारी, तो गेला. डोकं माझ्या मांडीवर होतं. टोपी उशाशी होती. मामा खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आले, त्यांनी एकदा त्याला नावाने हाक मारली आणि मग मटकन खाली बसून लहान मुलासारखे रडले.

भात कापून होईपर्यंत त्यांनी कोर्टाला कळवलं नाही. मग मुलगा पटकीने अचानक गेला असं कळवलं. घर-शेत भाऊबंदांकडे गेलं, मामा जिथून आले तिकडे गेले आणि फाल्गुनात माझं लग्न होऊन मी ठाण्याला नौपाड्यात आले. माझे यजमान एका वकिलाकडे कारकून होते. त्यांनी मला लिहायला-वाचायला शिकवलं. पंधरा-सोळा वर्षं मी हे त्यांना सांगितलं नव्हतं. मग एकदा सांगितलं. महिन्याभराने कचेरीतून त्या दिवसाच्या कागदाची नक्कल आणून माझ्यापुढे ठेवली. "वाचू नकोस असं मला वाटतं," एवढंच म्हणाले.

मी वाचली. एकेक अक्षर लावून वाचली.

"अज्ञान समक्ष हजर. प्रकृती चांगली. अज्ञानाने सांगितलेले गोत्र आडनावाशी जुळत नाही, सबब मुलगा बदलून आणल्याचा संशय येतो. नाझराने सरकारी डॉक्टरांसह आजच घरी जाऊन खात्री करावी असे योजिले होते. परंतु सख्ख्या बहिणीने न अडखळता ओळख पटविली, सबब जाण्याचे कारण उरले नाही."

आजच. सरकारी डॉक्टरांसह. म्हणजे कोर्टाचा तो नाझर, जप्ती-तपासाला जाणारा अंमलदार, डॉक्टर घेऊन आमच्या घरी येणार होता. गाडी ठरायची तेवढी बाकी होती, आणि मी त्यांना थांबवलं.

खाली निशाणी होती. नक्कल करणाऱ्या कारकुनाने बांगडी कशीतरी वेडीवाकडी उतरवली होती. मी काढलेली तशी नव्हती. माझी चांगली गोल आली होती, आणि शिरस्तेदारांनी ती बघून मान हलवली तेव्हा मला आनंदही झाला होता.